नवसागराची मूठ

प्रिय सौम्या,

चिटगुप्प्याहून अप्पाचे आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. आठ महिने फोनवर तुझ्याशी अव्वाच बोलते आणि मी शेजारी बसून नुसता ऐकतो, म्हणून हे कागदावर. बातमी आधी सांगतो: दगड तयार झाले. तुझेच दगड. कारवारला माशांच्या केंद्रात नोकरीवर जाताना तू माळ्यावर टाकून गेलीस ते दगडांचं खोकं, काचेची टाकी, पंप, पाणी तपासायची नळी नि थेंबांची बाटली, समुद्री मिठाची पिशवी आणि ती निळी वही. गळ्यात इष्टलिंग असलेल्या शाकाहारी घरात मासे येणार नाहीत असं मी म्हणालो होतो, आणि तू सगळं वर चढवलंस. दिवाळीलाही आली नाहीस. तेव्हा मनाशी ठरवलं की हे दगड माझ्या हाताने माशांना राहण्याजोगे करीन आणि मगच तुला ये म्हणेन. नुसतं बोलवायला मला तोंड नव्हतं.

वही उघडली तर पहिल्याच पानावर दोन रेघा मारून लिहिलेलं: तांबं-पितळ लावायचं नाही, समुद्रातले बारके जीव मरतात. चाळीस वर्षं तांब्या-पितळेची भांडी विकणाऱ्या माणसाच्या मुलीने हे लिहावं! दगड धुवायला बाहेर काढलेलं पितळी घंगाळ परत ठेवलं आणि समोरच्या सावित्रम्माच्या दुकानातून प्लास्टिकचा टब आणला. त्या दुकानात मी कधी पाय ठेवला नव्हता. ती दारातूनच ओरडली, "काय मालक, आता तुमी बी प्लास्टिकवर आलाव व्हय?" सगळ्या बाजारपेठेने ऐकलं.

पुढचं काम मात्र आपल्या हातातलं. खडबडीत, भोकाभोकांचे पांढरे दगड आणि त्यांच्या फटींत वाळून बसलेलं शेवाळ, मेलेले किडे. नायलॉनच्या ब्रशने एकेक भोक घासलं. मग वहीतल्या मापाने पाण्यात ॲसिड घातलं. दगड फसफसले, मळका थर उतरला. चार-पाच पाण्यांनी धुतले आणि आठवडाभर गच्चीवर उन्हात ठेवले. कल्हईवाला कल्लप्पा रोज जिन्यावरून डोकवायचा. "अण्णा, दगडं कामून वाळवायलाव? लोणचं घालायलाव का?" मी म्हटलं, "व्हय, पहिली फोड तुलाच."

मग ते पान आलं. वर मोठ्या अक्षरांत तू लिहिलं होतंस 'नवा सागर', आणि खाली, पाण्यात मिसळून पंप सुरू करायचा. तुझं अक्षर तुला माहीत आहे, पण खरं सांगतो, दोष अक्षराचा नाही. कल्हई करताना तापल्या भांड्यावर टाकतात तो नवसागर माझ्या दुकानात इतकी वर्षं डब्यात आहे. मिठाच्या ताज्या पाण्याला तू दिलेलं ते नाव मी सरळ नवसागर असं वाचलं; मला तो शब्द दुसरा वाचताच येत नाही. शुद्ध पाण्याचे कॅन आणून टब भरला, मापाने मीठ घातलं, दगड सोडले आणि वर नवसागराची एक भक्कम मूठ टाकली.

दुसऱ्या दिवशी तुझ्या थेंबांच्या बाटलीने पाणी तपासलं. नळी गर्द हिरवी. वहीत हिरव्यापुढे लिहिलेलं: अमोनिया, मासे मरतात. अव्वा म्हणाली, "पोरीचं येवढंच सामान ऱ्हायलं होतं घरात, ते बी नासवून ठिवलाव." मला जेवण गेलं नाही.

दुपारी नवसागराचा डबा फेकायला उचलला आणि त्यावर चिकटवलेली इंग्रजी चिठ्ठी आयुष्यात पहिल्यांदा वाचली. अमोनियम क्लोराइड. हे नाव नुकतंच कुठे तरी दिसलं होतं. वही चाळली. सहा पानं पुढे तूच लिहिलं होतंस की दगडांत पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू वसवायचे तर सुरुवातीला त्यांना अमोनिया खायला द्यावा लागतो, आणि त्यासाठी अमोनियम क्लोराइड हैदराबादहून मागवायचं. अगं, ते तुझ्या बापाच्या दुकानात होतं! फक्त चिमूट हवी तिथे मी मूठ टाकली होती. चारातले तीन हिस्से पाणी उपसलं आणि उरलेल्या मिठाचं ताजं पाणी भरलं. कल्लप्पाला सांगितलं तर टबाला हात जोडून म्हणाला, "म्हंजी समुद्राला बी कल्हई लागते म्हणा की!"

त्यानंतर नुसतं थांबायचं होतं, आणि ते मला घासण्यापेक्षा जड गेलं. पाचव्या आठवड्यात हिरवा फिका पडू लागला. एकेचाळिसाव्या दिवशी नळी पिवळी झाली, हळदीसारखी पिवळी. माझा विश्वास बसेना. वहीतली परीक्षा घेतली: पुन्हा चिमूटभर टाकायचं आणि एक दिवस थांबायचं. दुसऱ्या दिवशी पिवळी. पुन्हा चिमूट, पुन्हा पिवळी. तिसऱ्यांदाही पिवळी निघाली तेव्हा शटर अर्धं ओढून मी गल्लीभर पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं की सांगायचो, "दगडांत जीव आला." सावित्रम्माने दोन घेतले. आता दगड टाकीत रचलेत, आणि टाकी बाहेरच्या खोलीत आहे, आल्या पाहुण्याची पहिली नजर जाते त्या भिंतीला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तुला पोचवायला बीदरच्या स्टँडवर आलो होतो, तेव्हा गाडी सुटता सुटता खिडकीशी येऊन मी म्हणालो होतो, माशांचा नाद सोडशील त्या दिवशीच घरी ये. अव्वाला हे अजून ठाऊक नाही. तिला वाटतं, तुला सुट्टी मिळत नाही. तू तिला सांगितलं नाहीस, आणि मीही नाही. ते वाक्य मी परत घेतो. मासे घेऊन ये. कोणते, ते तू ठरव. त्यांना झिंग्याचे तुकडे घालावे लागतात, हेही वहीत वाचलं. तसलं काही आपल्या घरात आजवर आलेलं नाही. त्यासाठी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा वेगळा काढलाय आणि भांड्यांवर घालतो तसं त्यावर यंत्राने नाव घातलंय. तुझं नाही, माझं. रोज त्यांना मीच भरवणार.

तुझाच,
अप्पा