दादामियाँचे हात

१४ जून २०१६, मंगळवार

अकरा हजारांचे चौतीस हजार! आणि नोटिशीवर शब्द काय — ‘शुल्क सुसूत्रीकरण’. आमच्या मराठी विभागातूनच कुणीतरी पुरवला असणार. इतका गुळगुळीत शब्द! वाचून किळस आली.

मुलं मोबाइलवर बोर्डाचे फोटो काढत होती. नसीम नुसती उभी. वाचायची, मागे व्हायची, पुन्हा वाचायची. एम.एस्सी.चं दुसरं वर्ष तिचं. फीच्या खिडकीत तिने विचारलं, हप्ते मिळतील का? आतून कारकून श्यामसुंदर, मान वर न करता — “बोर्डावर सगळं लिहिलंय. वाचता येतं ना? की त्याचाही वेगळा कोर्स काढू?”

१७ जून

नसीम म्हणजे दादामियाँची मुलगी. बुधवार पेठेत त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान. माझे जुने दिवाळी अंक बारा वर्षं तेच बांधतात. ही वहीही त्यांच्याच हातची. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाचं काम दरवर्षी त्यांच्याकडेच जातं. निम्मं दुकान त्यावर चालतं.

आज अंक द्यायला गेले तर कटिंग मशीनवर हात ठेवून उभे. “बाई, याला एखादं गिऱ्हाईक बघा.”

मला चेष्टाच वाटली. नसीमच्या फीसाठी विकायचं म्हणाले.

“अहो, मग कागद कापणार कशानं?”

“दातांनी.” आणि हसले. मला हसता आलं नाही.

विद्यार्थी साहाय्य समितीवर मी आहे. नसीमला फोन केला — अर्ज कर. मशीन विकू देऊ नकोस.

२१ जून

समितीची बैठक. एकेचाळीस अर्ज, तीन जागा. फी वाढवणारेच मदत वाटायला बसलेले — बाकरवडी खात! नियम असा, की अर्ज मराठीत हवा, स्वतःच्या हस्ताक्षरात, आणि ‘घरच्या परिस्थितीचे वर्णन’ किमान एक पान. गरिबीची निबंधस्पर्धा. विश्वस्त हिंदुरावसाहेब एकेक कागद वाचून बाजूला टाकत होते. “नाही हो. डोळ्यांत पाणी येत नाही.”

नसीमचा अर्ज चार ओळींचा. फी तिप्पट झाली आहे. वडिलांचं उत्पन्न तेवढंच आहे. मी वर्गात पहिली आले. मदत मिळावी.

“ही मुलगी मदत मागतेय की नोटीस देतेय?” साहेब म्हणाले. सगळे हसले. मीही ओठ ताणले. का?

मग म्हटलं, हुशार आहे, मी तिच्याकडून पुन्हा लिहून घेते.

२४ जून

नसीम घरी आली. तिच्यापुढे चहा ठेवला आणि मग रोजा आठवला! कप आत नेऊन मोरीत ओतला.

“मॅडम, जे आहे तेच लिहिलं होतं मी.”

मी कागद ओढला. वीस मिनिटांत पान भरलं. समोरच्याच्या डोळ्यांत पाणी कसं आणायचं, ते मला येतं. चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत दुसरं काय शिकले? लिहिलं — अब्बांच्या हातांना कंप सुटला आहे. सुई ओवता येत नाही. कॉलेजला निघण्यापूर्वी मी दिवसभराच्या सुया ओवून ठेवते.

तिने वाचलं. “पण अब्बांचे हात तर चांगले आहेत.”

“तीन जागा आहेत, नसीम.”

मग माझ्यासमोर बसून तिने सगळं स्वतःच्या अक्षरात उतरवलं. ‘कंप’पाशी पेन थांबलं. पुढे गेलं.

२८ जून

मंजूर. हिंदुरावसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “सुया ओवून ठेवते — वा!”

वा म्हणाले! शिसारी आली. आणि इथे कशाला खोटं लिहू — वाक्य लागू पडलं म्हणून आतून आनंद झाला. त्याची शिसारी जास्त.

९ जुलै, शनिवार

अर्ज वाचून दाखवणार आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सभागृह भरलेलं. शाल, नारळ, पाकीट, फोटोवाला. पालकांनाही मंचावर बोलावलेलं. दादामियाँ परवाच्या ईदचा नवा कुर्ता घालून आलेले, अत्तर लावून. मला पाहून लांबूनच मान लववली. इतका आनंद त्या तोंडावर!

निवेदिकेने माईकवर सुरू केलं, आवाजात कढ आणून. ‘माझ्या अब्बांच्या हातांना...’

दादामियाँनी आधी नसीमकडे पाहिलं. तिची मान खाली. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं — उलटे करून, सुलटे करून, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. सभागृहात चुकचुक. मला उठून ओरडायचं होतं. उठले नाही.

हिंदुरावसाहेब पुढे आले. “सावकाश, चाचा. धरता येईल ना?”

दादामियाँनी हात पुढे केले. आणि ते थरथरत होते.

त्यांनी ते थरथरवले! माझं वाक्य त्यांनी मुलीसाठी खरं करून दाखवलं. पाकीट दोनदा निसटू दिलं. टाळ्या पडल्या.



१८ जुलै

नसीम माझे बांधलेले अंक घेऊन आली. टाके पाहिले — पट्टीने आखल्यासारखे सरळ. मजुरीचे पैसे पुढे केले, तिने हात मागे घेतला.

“अब्बा म्हणाले, हात गेलेल्या माणसाची मजुरी कसली?”

“रागावलेत माझ्यावर?”

“नाही. म्हणाले, बाईंनी छान लिहिलंय.”

रागावले असते तर बरं झालं असतं.

२६ जुलै

ग्रंथालयाचं बांधणीचं काम यंदा दुसऱ्याला दिलं. ग्रंथपाल हळहळून म्हणाले, “वाईट वाटतं हो. पण त्या हातांत आता जुनी पुस्तकं कशी द्यायची?” मी तोंड उघडलं — आणि मिटलं. खरं सांगितलं तर नसीमची मदत परत जाते. दादामियाँचाही नसीमकडून तोच निरोप होता, वर्ष पुरं होईस्तोवर बोलू नका.

कटिंग मशीन काल हडपसरच्या कुणीतरी नेलं.