मेजरचं जर्मन रक्त

२ जुलै १९६१, रविवार

आजपासून रोजनिशी. कारणच तसं घडलं आहे. दुपारच्या एसटीने मेहुणे जानराव अकोल्याहून आले आणि सोबत कुत्रा आणला. साधा नाही, अल्सेशियन. त्यांच्या जिनिंग फॅक्टरीचे मॅनेजर मुंबईला बदलून गेले, तिथे जागा नाही म्हणून देऊन टाकला. नाव मेजर. कान उभे, छाती ही एवढी, मूळ जर्मन रक्त. ही जात पोलिसांत आणि लढाईत वापरतात. एका माणसाचं ऐकते, बाकीच्यांना फाडते. वाचनालयातल्या इंग्रजी पुस्तकात स्पष्ट दिलं आहे.

जानराव लंगडत होते, पिंडरीला फडकं बांधलेलं. अकोल्याच्या स्टँडवर साखळीत धोतर अडकून पडले म्हणे.

मला कुत्र्याचा शौक नाही. पण माणसाला दरारा हवा. शेजारचे पेन्शनर खुशालराव रोज सकाळी येऊन माझा पेपर माझ्याआधी वाचतात, वर चहा घेतात. ऑफिसात पुंजाराम चपराशी हेडक्लार्कचा, म्हणजे माझा, चहा सगळ्यात शेवटी आणतो. हे आता बंद.

मैनाने (कन्या, वय आठ) मेजरच्या गळ्यात हात टाकले. हे खेळणं नव्हे, असं तिला बजावलं.

३ जुलै

ऑफिसात विषय काढला. चावतो का, असं कुणीतरी विचारलंच. म्हटलं, आमच्या मेहुण्यांना विचारा. पिंडरीचा लचका तोडला, हाड दिसत होतं. हाडाचं वाक्य आपोआप तोंडातून गेलं. तसं ते खोटंही नाही. पिंडरीत हाड असतंच.

चहा पहिला माझ्या टेबलावर आला.

९ जुलै, रविवार

फाटकावर पाटी लावली. 'कुत्र्यापासून सावध.' पेंटर एरवी दुकानांच्या पाट्या रंगवतो आणि पोळा जवळ आला की पोरांचे लाकडी बैल. त्याला कुत्रा काढ म्हटलं तर त्याने वासरू काढलं. शेवटी दात तेवढे माझ्या देखरेखीखाली मोठे करून घेतले. काम चालू असताना मेजर पेंटरच्या चपलांवर डोकं ठेवून झोपला होता. शत्रूला गाफील ठेवण्याची ही या जातीची पद्धत असावी.

मैना म्हणते, तिच्या लाकडी बैलाचं चाक मोडलंय, तान्ह्या पोळ्याच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांच्या बैलांचा सण) आत बसवून द्या. पोळा अजून लांब आहे. पुढच्या रविवारी बघू.

१६ जुलै, रविवार

ट्रेनिंग सुरू. माझ्या जुन्या कोटात कडबा भरून चोर तयार केला आणि 'अटॅक' अशी ऑर्डर दिली. मेजरने चोराला हुंगलं, त्याच्यावर पाय पसरले आणि झोपला. कोटाला माझा वास येतो, त्यामुळे हल्ला कसा करणार? इमानी जात.

दुसरी शक्यता अशी की त्याला ऑर्डर जर्मन भाषेत हवी असेल. कॉलेजात कुणाला जर्मन येतं का, चौकशी करणे.

चाक राहिलं.

२४ जुलै

खुशालराव आठवडाभर फिरकले नाहीत. पूर्ण विजय.

एक किरकोळ अडचण. पाटी वाचून पेपरवाला आत येत नाही. आमचा पेपर खुशालरावांच्या अंगणात टाकतो. ते आता आरामात घरी बसून वाचतात आणि दुपारी कुंपणावरून आमच्याकडे फेकतात. गवळी आमचं दूध उजवीकडच्या रजियाबींकडे ठेवून जातो. मला आलेलं बारशाचं एक आमंत्रण पोस्टमनच्या पिशवीतच राहिलं, बारसं होऊन गेलं. दरारा म्हटला की एवढं चालायचंच.

संध्याकाळी ओसरीत एकटाच बसलो होतो. फार शांत वाटतं. मेजरने माझ्या पायावर डोकं ठेवलं. शिस्तीच्या दृष्टीने पाय काढून घ्यायला हवा होता, पण पायाला मुंग्या आल्या होत्या.

६ ऑगस्ट, रविवार

मेजर संध्याकाळी पानाला तोंड लावत नाही. अल्पाहारी जात. सैनिकी बाणा.

आज मात्र त्याच्या मिशीला कोंबडीचं पीस सापडलं. अखेर रक्त बोललं. पीस जपून ठेवलं आहे. कोणाची तक्रार कशी आली नाही? भीतीने लोक येत नसावेत. सौ. इंदूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, मैनाच्या बैलाचं चाक पहा अगोदर. बाईमाणसाला यातलं कळत नाही.

२१ ऑगस्ट

नगरपालिकेची नोटीस. राजापेठेतल्या एका नागरिकाने अर्ज केला आहे की माझ्याकडे हिंस्र जातीचा कुत्रा असून त्याने अकोल्यात एका इसमाचा हाड दिसेपर्यंत लचका तोडला आहे. सॅनिटरी इन्स्पेक्टर सोमवार ता. ११ सप्टेंबरला तपासणीला येणार. आरोप खरा ठरला तर कुत्र्याचा 'बंदोबस्त' करण्यात येईल.

बंदोबस्त म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. मैनाने विचारलं. मी म्हणालो, म्हणजे चांगलं घर बघून दुसरीकडे पाठवतात. तिला ते पटलं नाही. ती जेवली नाही. मेजरही जेवला नाही, पण तो रोजच जेवत नाही.

मीही फारसं जेवलो नाही. भाजीत मीठ जास्त होतं.

२२ ऑगस्ट

शांतपणे विचार केला. एखाद्या जातीला सरसकट हिंस्र म्हणणं हा अडाणीपणा आहे. अल्सेशियन हा मुळात मेंढ्या राखणारा कुत्रा, म्हणजे जवळजवळ धनगरच. वाचनालयातल्या त्याच पुस्तकात पुढच्या पानावर दिलं आहे. ते पान मी आधी वाचलं नव्हतं.

ऑफिसात हे सगळ्यांना समजावून सांगितलं. कोणी ऐकेना. पुंजाराम म्हणाला, "सायेब, तुमीच तं सांगतलं होतं हाड दिसत होतं मनून." त्याला म्हटलं, तू आपल्या कामाकडे लक्ष दे. चहा परत शेवटी आला.

२३ ऑगस्ट

अर्ज खुशालरावांचा. त्यांनी स्वतःच कुंपणापलीकडून सांगितलं. महिनाभर त्यांनी आमच्या बाजूची खिडकी उघडलेली नाही. हाडाची गोष्ट त्यांना पुंजारामकडून कळली. "किसनराव, मी म्हातारा माणूस, मले पळता येत नाई," म्हणाले. रागावून बोलले असते तर मलाही रागावता आलं असतं.

सौ. म्हणाल्या, "सांगून टाका ना मंग, खोटं बोललो मनून. कुत्र्याच्या जिवापेक्षा तुमची जीभ मोठी हाये का?" मी खोटं बोललेलो नाही. वर्णनात रंग भरला. हेडक्लार्क नगरपालिकेसमोर खोटा ठरला तर ऑफिसात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दुसरा मार्ग आहेच. जानरावांना पत्र टाकलं, पोळ्याला या.

९ सप्टेंबर, शनिवार, पोळा

जानराव आले. त्यांना योजना समजावली. उद्या दुपारच्या गाडीने त्यांनी मेजरला घेऊन गुपचूप अकोल्याला जायचं. सोमवारी इन्स्पेक्टर आला की मी म्हणणार, कसला कुत्रा? ते म्हणाले, "अन् पाटी?" पाटीचं लक्षात नव्हतं. काढून न्हाणीघरात ठेवली.

मैना दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बैलाचं चाक अजून तसंच. उद्याच तान्हा पोळा. आता बसवायला घेतलं तर म्हणाली, राहू द्या बाबा, मी केलं काहीतरी.

मेजर गेल्यावर घर मोकळं होईल. केस फार पडतात त्याचे.

१० सप्टेंबर, रविवार, तान्हा पोळा

हे लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.

गाडीची वेळ झाली आणि मेजर घरात नाही. साखळी नुसती पडलेली. नगरपालिकेच्या माणसांनी एक दिवस आधीच नेला की काय? सदऱ्यावरच धावत सुटलो, पायात चपला नाहीत. जानराव मागून.

पहिलं घर रजियाबींचं. त्या अंगणात दाणे टाकत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "तुमचा मेजर? आत्ताच गेला ना भाऊ, पोरी घेऊन गेल्या. तो तं रोज दुपारी आमच्या कोंबड्याइच्यात झोपते. पिल्लं त्याच्या पाठीवर बसते." पीस आठवलं.

पुढच्या घरी सांगितलं, मेजर होय, तो तर सकाळी पुरणपोळी खाऊन गेला. त्यापुढच्या घरी म्हातारी म्हणाली, तिला दिसत नाही, हल्ली तोच तिला विहिरीपर्यंत पोचवतो. गवळी रस्त्यात भेटला. तोही म्हणाला, चांगलं लेकरू आहे. मग माझं दूध रजियाबींकडे का ठेवतोस? तर म्हणाला, आत आलो की तुम्ही लचक्याची गोष्ट सांगत बसता, दुसऱ्या घरचं दूध नासते.

म्हणजे सगळ्या राजापेठेत मेजरला कुणी घाबरत नव्हतं. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस निघाला, आणि त्यानेच अर्ज केला.

मारुतीच्या देवळापुढच्या मैदानात पोरांचे लाकडी बैल तोरणाखाली रांगेत उभे होते. रांगेच्या शेवटी मेजर. पाठीवर सौ.च्या जुन्या शालूची झूल, गळ्यात घुंगरांची माळ, कानांना बांधलेली बेगडाची शिंगं, कपाळावर हळदकुंकू. मैनाने कासरा धरलेला. तो ताठ उभा होता. माझ्या ट्रेनिंगमध्ये एवढा ताठ कधी उभा राहिला नाही. कुणाची तरी चिमुरडी पोर त्याच्या पाठीवर बसायला बघत होती आणि तिचे वडील तिला धरत होते. ते वडील म्हणजे सॅनिटरी इन्स्पेक्टर. लेकीचा बैल घेऊन आले होते. खुशालराव देवळाच्या पायरीवर, सगळ्यांत वरच्या.

कुणीतरी इन्स्पेक्टरांना सांगितलं की तुमचा उद्याचा कुत्रा तो हाच. त्यांनी पोरीला झटकन उचललं. मग मेजरकडे पाहिलं, शिंगांकडे पाहिलं, आणि विचारलं, अकोल्याचा तो इसम कोण? जानराव माझ्या शेजारीच धापा टाकत उभे. मी त्यांना चिमटा काढला. त्यांना चिमट्याचा अर्थ कळला नाही.

"मी तो इसम, पण मले कुत्रं नाई चावलं जी. साखळीत धोतर अटकलं अन् मी पडलो. भाऊजीले तवाच सांगतलं होतं."

सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. पुंजारामही होता, पोराला खांद्यावर घेऊन. इन्स्पेक्टरांनी मला विचारलं, हे खरं का? माझ्या डोक्यात दोन उत्तरं तयार होती आणि दोन्ही चांगली होती. तेवढ्यात मेजरने मला पाहिलं आणि मैनाच्या हातातून कासरा सोडवून, घुंगरं वाजवत, एक शिंग डोळ्यावर आलेलं, तसाच माझ्याकडे आला आणि पायावर डोकं ठेवून बसला.

मी 'हो' म्हणालो. एवढंच.

लोक हसले. खूप वेळ हसले. मी मेजरचं शिंग सरळ करत होतो, त्यामुळे मला नीट ऐकू आलं नाही. डोळ्यांत धूळ गेली होती, मैदानात बैलांची धूळ असतेच. लाकडी असले तरी.

अर्ज निकाली निघाला. मेजरला सजावटीचं दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं मिळालं असतं, पण बैल ऐनवेळी खाली बसला असा परीक्षकांचा शेरा पडला.

मग पोरं बोजारा मागायला घरोघर निघाली. आमच्या फाटकात यंदा कोणी येईल असं वाटलं नव्हतं. सगळी आली. पुढे मैना आणि मेजर. दारी बैल आला की ओवाळून पोरांच्या हातावर काहीतरी ठेवावंच लागतं. माझ्याच कुत्र्याला सौ.ने माझ्याच दारात ओवाळलं आणि माझ्याच खिशातून बोजारा दिला.

११ सप्टेंबर, सोमवार

सकाळी खुशालराव आले. मेजरला ओलांडून, पेपर उचलून, माझ्या खुर्चीवर बसले. चहा घेतला. जर्मन कुत्र्यांची उगाच बदनामी झाली आहे, असं मला समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं.

ऑफिसात चहा आला नाही. पुंजाराम म्हणाला, संपला.

१२ सप्टेंबर

मेजर शिंगं काढू देत नाही. परवापासून झूल, घुंगरं, सगळं अंगावर. त्यातच जेवतो, त्यातच झोपतो. मैनाने काढायला घेतलं तर मान फिरवतो. आज ऑफिसातून आल्यावर ठरवलं, फार झालं, शेवटी पोलिसी जात आहे. शिंगाला हात घातला.

गुरगुरला. आयुष्यात पहिल्यांदा. ओठ वर, दात बाहेर, डोळे लाल, पुस्तकात चित्र आहे तसाच. मी ओढलं. चावला. उजव्या मनगटाला चार दात, रक्त आलं. जातीबद्दल जे म्हणत होतो ते अक्षर न् अक्षर खरं निघालं. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

तसाच हात वर धरून ओसरीत आलो. खुशालराव पेपर घेऊन बसलेले, सौ. तांदूळ निवडत होत्या. दोघांना सांगितलं, मेजर चावला. रक्त दाखवलं. खुशालरावांनी पेपरचं पान उलटलं.

सौ.ने हळद आणली, मनगटावर दाबली आणि म्हणाल्या, "साखळीत धोतर अटकलं असन."