आभाळातला हात आणि माझं टेबल

सगळ्यात आधी आली शिंपीणबाई, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात नवऱ्याची. मागोमाग दातांचे डॉक्टर, मग खालचा कुलूपवाला. बोलावलं होतं साक्षीदार म्हणून, पण आल्या आल्या मंडळी टेबलाभोवतीच गोळा झाली. तर लिहिते.

मी, या घराची मालकीण आणि शनिवारचा खेळ चालवणारी बाई, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने नाही तर स्वतःच्या हौसेने हे मृत्युपत्र करते. शाळा चौथीतच सुटली. काना-मात्रा हलला तर सुधारून घ्यावा, मजकूर हलवू नये.

एक. घर थोरल्या मुलाला. कपाट आणि भांडी सूनबाईला. कपाटाची किल्ली कुठे असते ते तिला ठाऊक आहे, त्याला सांगू नये.

दोन. समोरच्या खोलीतलं मोठं टेबल, नकाशे, सोंगट्या, फासे नातीला. मी पाय मोडून पडले होते तेव्हा हा खेळ तिनेच शिकवला. नकाशावर प्रत्येकाचा एक गडी. राक्षस, दरोडेखोर, वादळं माझ्याकडे. आपला गडी काय करतो ते ज्याने त्याने बोलायचं, जमलं का ते फासा सांगतो. कोणी काहीही सुचवलं तरी ‘असं नसतं’ म्हणायचं नाही, ‘टाक फासा’ म्हणायचं. पूल कोसळला तेव्हा शिंपीणबाईने राक्षसाचा सदरा उसवला आणि त्या दोऱ्यावरून सगळ्यांना पलीकडे नेलं. माझा राक्षस उघडा पडला, पण मजा आली.

तीन. आता थोरल्याचं. किल्ल्याची लढाई अर्ध्यावर असताना त्याने सोंगट्या खोक्यात कोंबल्या, नकाशा गुंडाळला.

“आई, या वयात राक्षस काय खेळतेस? लोक हसतात.”

“हसू दे की. तिकीट लावलंय का मी?”

शनिवारी मंडळी आली तर टेबल रिकामं. नातीचे डोळे भरले. मी म्हटलं, रडतेस काय? आभाळातून एक हात आला आणि त्याने सगळ्यांना अंधाऱ्या विहिरीत टाकलं. निघा बाहेर! अशी लढाई रंगली म्हणता! तेव्हापासून सगळे त्या हाताशीच लढतायत. थोरला दाराआडून ऐकतो आणि पेपर वाचल्याचं सोंग करतो.

म्हणून अट: माझ्यामागे टेबल त्या खोलीतून हलता कामा नये. हललं तर घरही नातीचं. थोरल्याला राग येईल. येऊ दे.

चार. सोंगट्यांतला मोठा राक्षस तेवढा शिंपीणबाईला. साक्षीदाराला काही देता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. “मग सही तुम्हीच करा,” ती म्हणाली, “मला राक्षस पाहिजे.”

पाच. माझ्या खुर्चीवर नातीने बसावं. मी गेले म्हणून राक्षस मवाळ करू नयेत.

ठिकाण: समोरची खोली, टेबलाचं खिडकीकडचं टोक.
दिनांक: १२ मार्च, मंगळवार.

सही: आजी

साक्षीदार:
१. दातांचे डॉक्टर (सही वाचता येत नाही, पण त्यांचीच)
२. कुलूपवाला (खेळातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून निःपक्ष)

ता. क. सह्या होताना थोरला आत आला. “त्या हाताचं पुढे काय होणार?”

“हात तुझा. तूच टाक फासा.”

जाताना डॉक्टरांना विचारत होता, किती वाजता जमता म्हणून. मंडळी शनिवारी येतो म्हणून गेली आहेत. पाळी हाताची आहे.