टेबलाच्या पलीकडे

४ नोव्हेंबर, सोमवार
शाळेतून बोलावणं आलं. चिमीच्या बाई म्हणाल्या, पोरीला वाचता येत नाही. शुक्रवारी एकदा बघू, नाहीतर खालच्या वर्गात बसवू. वर ऐकवलं — "घरी जरा लक्ष देत जा." हे मला! मी शाळेची पायरी न चढता दुकानांच्या पाट्यांवरून वाचायला शिकलो. मुलांचं वाचन ही आईबापाची जबाबदारी, हे मला सांगावं लागत नाही. रोज संध्याकाळी दुकानात धडा घेतो. वजनकाटे दुरुस्त करायच्या टेबलाच्या अलीकडे मी, समोर चिमी, तिच्या शेजारी तिची आई वजनं पुसत. एक दिवस चुकवलेला नाही.
बाई हट्टी वाटल्या.

५ नोव्हेंबर, मंगळवार
चिमीनं धडा घडाघडा वाचला. पाठ केला असेल म्हणून वजनांखालचा वर्तमानपत्राचा कागद ओढून पुढे ठेवला. तोही वाचला. मग शाळेत काय दातखीळ बसते? विचारलं, तर म्हणाली, "तिथली अक्षरं वेगळी असतात." बायको म्हणाली, "म्हणत्येय तर असतील." हिला अक्षराचा गंध नाही, पण मत आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार
कालच्यासारखंच. शाळेचीच चूक असणार.

७ नोव्हेंबर, गुरुवार
धान्यवाल्याचा मोठा काटा उघडून टेबलावर पसरला होता. समोर जागा नाही म्हणून चिमीला माझ्या शेजारी घेतलं. पुस्तक पुढ्यात. पोर गप्प. दोनदा विचारलं, तर म्हणाली, "बाबा, इथून नाही येत." उठली, पलीकडे गेली, काट्यावरून वाकली आणि सगळं पान वाचलं.
पुस्तक मी नेहमी माझ्याकडे तोंड करून ठेवतो. चूक नजरेतून सुटू नये म्हणून.
पोर सगळी अक्षरं डोक्यावर उभी असलेलीच शिकली आहे.
बायको वजन पुसता पुसता म्हणाली, "काटा केसभर हलला तर कळतं ना तुम्हाला?"

८ नोव्हेंबर, शुक्रवार
बाईंना म्हणालो, पुस्तक उलटं धरा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग धरलं. चिमी सुटलीच. पान संपल्यावर बाई म्हणाल्या, "अहो, ती रोज पुस्तक उलटं धरते आणि मी रोज सरळ करून देते." काही वेळ आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत होतो.
निकाल — वर्ग तोच. पण यापुढे मी शेजारी बसून शिकवायचं. महिन्याभरात पोर सरळ वाचायला लागली पाहिजे.
तांत्रिकदृष्ट्या माझं शिकवणं निर्दोष. फक्त बाजू चुकली.

९ नोव्हेंबर, शनिवार
चिमी शेजारी. अक्षर अक्षर लावते आहे. मान वाकडी करते, ती मी सरळ करतो. ती खेळायला गेल्यावर वही उघडली आणि लिहिलं, की बाई हट्टी खऱ्या, पण त्यांना मुलीपेक्षा बापालाच शिकवायची हौस दिसते. एवढ्यात समोरून बायको म्हणाली, "असं नका लिहू. भल्या आहेत बाई."
मी तोंडातून शब्द काढला नव्हता.
ही रोजनिशी मी वर्षानुवर्षं तिच्या समोर बसूनच लिहीत आलो. तिला वाचता येत नाही म्हणून.