नव्या तांदळाचा लेख

गोंदिया,
११ ऑक्टोबर २००४

चि. सौ. शामकला हीस,
गुलाबचंददादाचे अ. उ. आशीर्वाद, आणि प्रभूच्या नावे सलाम.

वि. वि. जावईबापू खेमराजजींचा गुडघा कसा आहे? तेल चोळतात, की बाटली नुसती खिडकीत उभी आहे? भाची दुर्गेश्वरीचा खोकला गेला का? तुझी साखर तपासलीस का, की साखरेलाच विचारून मोकळी झालीस? आणि नंदलाल? सख्ख्या धाकट्या भावाची तब्येत मला तुझ्याकडूनच विचारावी लागते, दुसरी सोय नाही. इकडे माझा दमा थंडीची वाट पाहतो आहे. सुशिला बरी आहे. माझ्या चुका काढण्याइतकी ताकद तिच्यात शिल्लक आहे.

तू मागच्या पत्रात कळवलंस की, यंदा नव्याच्या जेवणाला दादाला बोलवावं की काय, असं नंदलाल म्हणाला. ते वाक्य मी सुशिलाला इतक्यांदा वाचून दाखवलं की शेवटी ती म्हणाली, पुढचं 'की काय'सुद्धा वाचत जा, ते गिळू नका. बाप्तिस्मा घेतल्यापासून घरच्या नव्या तांदळाचा भात मी घरी बसून खाल्लेला नाही. आई होती तोवर कुणाच्या तरी हाती पळसाच्या पानात बांधून पाठवायची. ती गेली आणि पानही गेलं.

इथल्या एका दैनिकात दर रविवारी माझं 'मिठाची चिमूट' येतं, ते तुला ठाऊक आहेच. आपल्याच गावाकडे ख्रिस्ती माणसाच्या नजरेनं पाहायचं, एवढंच माझं काम. संपादकांची अट एकच, प्रवचन नको. चौथी शिकलेल्याला कुठलं प्रवचन येतं? येत्या रविवारी नव्यावर लिहिलं आहे. आमच्या चर्चमध्ये पहिल्या पिकाचा वाटा देवापुढे ठेवतात. पहिली मूठ आपली नसते, हे आपल्या बाबांना कुण्या पाद्र्यानं शिकवलं नव्हतं, तरी ते धानाच्या बांधीत उभं राहून तेच करायचे. असं लिहिलं, आणि शेवटी एवढंच की घरच्या नव्याचा वास अजून नाकात आहे. नंदलाल पेपर वाचतो का गं? वाचत असला तर बरंच.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा दादा,
गुलाबचंद


मु. तिरोडा,
१९ ऑक्टोबर २००४

ति. दादास,
शामकलाचा सा. न. वि. वि.

दादा, इकडे सगळे जिवाने बरे आहेत, मनाने नाहीत. तुझा लेख आला. वर जाड अक्षरात छापलं होतं, 'धर्म बदलला म्हणून सख्ख्या भावाने तोंडचा घास हिरावला'. त्याखाली तू काय लिहिलं ते कोण वाचते? पानठेल्यावर उदारामने तेवढीच ओळ मोठ्याने वाचली. नंदलाल तिथंच उभा होता. लोक पेपर सोडून त्याच्या तोंडाकडे पाहून राहिले होते. तो लावलेलं पान तसंच ठेवून घरी गेला.

सोमवारी माझ्याकडे आला. खाटेवर बसला नाही, चहाला हात लावला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, मी कवा कोणाचा घास हिरावला, दादाले भांडायचं होतं तर घरी येऊन भांडायचं होतं, जिल्हाभर दवंडी कायले? मी म्हटलं, बावा, खालचं वाच. तर म्हणे, वरचं वाचूनच डोळे भरले, खालच्याले जागा नाही. यंदा बोलावण्याचं नाव काढू नको, असं सांगून गेला. आमचे हे म्हणतात, तुझ्या दादाने गुळाची भेली पाठवली, पण वरच्या कागदावर मिरची लिहून पाठवली.

मीही वाट पाहून राहिली होती, दादा. तुम्ही दोघं एका पंगतीत बसाल आणि मी वाढीन, एवढंच माझ्या मनात होतं. ती ओळ तूच लिहिली का, ते मला खरं सांग.

तुझी,
शामकला


गोंदिया,
२५ ऑक्टोबर २००४

चि. सौ. शामकला हीस, अ. उ. आ.

ती ओळ माझी नाही. मी वर 'नव्याचा वास' असं लिहून दिलं होतं. लेख कुणाचाही असो, मथळा कचेरीतला माणूस लावतो, हा पेपरवाल्यांचा रिवाज आहे. गावी भाऊ आहे एवढं त्यांना ठाऊक, बाकीचं त्यांनी मनानं जोडलं. पण हे पानठेल्याला कोण सांगणार? खाली नाव माझं होतं.

संपादकांकडे गेलो, तर ते खूश. म्हणाले, वाचकांची पत्रं आलीत, आता तुमच्यावर झालेल्या अन्यायाची मालिकाच लिहा. चर्चमध्येही दोघातिघांनी पाठ थोपटली, म्हणाले, भाऊ, फार छळ सोसलात. छळ कसला? आईच्या तेरवीला मी मुंडन न करता गेलो, सगळे सोयरे पाहत होते, तेव्हासुद्धा नंदलालनंच मला बसायला पाट दिला होता. खोटी साक्ष देऊ नये असं मी लोकांना सांगत आलो, आणि माझ्याच नावानं माझ्याच भावावर खोटी साक्ष छापली गेली. खुलासा छापू म्हणाले, आतल्या पानावर, कोपऱ्यात. मी सदर बंद केल्याचं सांगून उठून आलो.

काल आमचा पहिल्या पिकाचा रविवार होता. सुशिलानं टोपलीत तांदूळ भरून दिले होते. भावाच्या मनात आपल्याविषयी काही सलत असेल, तर अर्पण ठेवून आधी त्याच्याकडे जावं, अशी प्रभूची शिकवण आहे. मी टोपली चर्चच्या दारातूनच परत आणली. आता ती चुलीजवळ आहे आणि मीही घरातच. न बोलावता जावं, तर मी त्याच्या दारात हट्टाला उभा आहे असं त्याला वाटेल. न जावं, तर भात गोड लागत नाही.

तू त्याला एवढंच सांग की मथळा माझा नव्हता. पटलं नाही तरी सांग.

तुझा,
दादा


मु. बोदलकसा,
३ नोव्हेंबर २००४

ति. दादास,
नंदलालचा सा. न.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. सुरुवात कशी करतात ते शामकलाबाईला विचारलं. एकेकाची तब्येत विचारतात म्हणाली. तर तुझा दमा कसा आहे, वहिनी कशी आहे. इकडे आम्ही ठीक.

दोन रविवार पेपर आला, तू नाही आला. पहिल्या रविवारी मी म्हटलं, बरं झालं. दुसऱ्या रविवारी बकारामच्या दुकानात जाऊन विचारलं, गोंदियाहून काही वाईट खबर तर नाही ना. तो हसला मला. तुझं मी पहिल्यापासून वाचून राहिलो, हे तुले कोणी सांगितलं नसेल. वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन, तुझी सायकल चोरी गेली ते, सगळं मले पेपरातून कळलं. साऱ्या जिल्ह्याले लिहितोस, मले एक कार्ड नाही.

मथळ्याचं बाईने सांगितलं. मग मी खालचं वाचलं. बाबांचं लिहिलं ते तसंच होतं.

आता मी काऊन बोलावत नव्हतो ते ऐक. आपल्या घरी नवं आधी देवापुढे, मग पितरांच्या नावाने, मग आपल्या तोंडात. असं ठेवलेलं तुम्ही लोक खात नाही, हे मी तुझ्याच एका लेखात वाचलं होतं. उद्या तू पंगतीत बसशील आणि भरल्या सोयऱ्यांत ताट सरकवशील. मग त्याच्यानंतर आपण एकमेकांचे कोण राहू? म्हणून बोलावलंच नाही. न बोलावलेला दादा निदान दादा तरी राहते.

धान घरात आलं. नवं आम्ही अजून खाल्लं नाही, दिवाळीवर ढकललं. आमची म्हणते, पूजेच्या आधी एक वेगळी हंडी शिजवू, ते देवालेही नाही आणि पितरालेही नाही, फक्त दादाले. पण मग ते नवं झालं, की नुसता भात झाला, हे मले समजून नाही राहिलं. कोणतं ताट तुझ्यासमोर ठेवू ते तू कळव. पेपरात नको. कार्डावर लिही, आणि दिवाळीच्या आत पोचेल असं टाक.

तुझा,
नंदलाल