कालपासूनचा ताप

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझ्या अक्षराला नावं ठेवली आहेस, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. ढब्ब्याला आठ महिने झाले. दोन दात आलेत, ते माझ्याच खांद्यावर पारखतो. त्याचे बाबा ट्रक घेऊन गेलेत, बारा तारखेला येतील.

त्याला कालपासून ताप आहे. पाळणाघरवाली दारातच थर्मामीटर लावते, अंग गरम लागलं की मूल परत. म्हणून लस टोचल्यावर द्यायला तू सांगितलेलं ते औषध मी निघण्याआधी अर्धा तास पाजते. दारात पोचेपर्यंत स्वारी गार! ओरडू नकोस. आमच्या चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात बिनपगारी सुट्टीसुद्धा मोजून मिळते. बाळंतपणानंतर दीड महिन्यात मशीनवर उभी राहिले ती काय हौस म्हणून? आता एक खाडा झाला की माझ्या जागी दुसरी. दवाखाना माझ्याबरोबर उघडतो आणि माझ्याबरोबर बंद होतो. रविवारी नेते.

लोभ आहे, तो ओरडून कमी करू नये.

तुझी धाकटी

६ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

ओरडणारच. ते औषध लसीच्या तापासाठी होतं, पाळणाघरवालीच्या डोळ्यांत धूळ फेकायला नव्हे. ताप दबतो, दुखणं आत वाढतच राहतं. बावीस वर्षं मुलांच्या दवाखान्यात नर्स आहे मी. ज्यांना भरपगारी रजा मिळते त्या आया पहिल्या दिवशीच पोराला घेऊन येतात आणि बाटलीभर औषध घेऊन हसत घरी जातात. तुझ्यासारख्या पाचव्या दिवशी येतात, त्याही ॲम्ब्युलन्समधून. रविवारची वाट बघू नकोस. मशीन गेली खड्ड्यात.

लाडक्याचा पापा घे. राग मनात धरू नये.

तुझी ताई

८ मार्च, इस्पितळातून

ताई,
नमस्कार.

हे पत्र शेजारच्या बसड्रायव्हरच्या हाती देते आहे, दोन तासांत तुझ्याकडे पोचेल. फोनवर बोलायला तोंड नाही.

ढब्ब्याला सकाळी झटका आला. डोळे फिरवले, हातपाय ताठले. पाळणाघरवालीनंच उचलून आणलं. डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून? मी म्हणाले, कालपासून. पाच दिवस म्हटलं असतं तर पुढचं विचारलं असतं ना, की आणलं का नाही. मी कसली आई, असं लिहितील. पोर काढून घेतील. आता एका दिवसाचा ताप समजून सलाईन लावलंय आणि नुसतं लक्ष ठेवतायत. तो डाव्या कानाला सारखा हात नेत होता, तेही मी सांगितलं नाही. सांगू का गं? मला काही सुचत नाही. तू सांगशील तसं करते.

धाकटी

८ मार्च

धाकटे,

आशीर्वाद मागाहून. हे पत्र खाली ठेव आणि ऊठ. डॉक्टरांना गाठ. पाच दिवस ताप, रोज औषध पाजून उतरवलेला, डावा कान दुखतोय. एवढं एका दमात सांग. काय म्हणायचं ते म्हणू देत. इस्पितळाचा फोन कोणी उचलत नाही, म्हणून त्याच बसनं चिठ्ठी पाठवते. दवाखान्यात रजा सांगून मी पुढच्या बसनं निघतेच. जा.

ताई

३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू परत गेल्यापासून घर खायला उठतं. ढब्ब्या आता पोटभर दूध पितो, रांगतो. त्या संध्याकाळी सांगितल्याबरोबर डॉक्टरांनी पाठीतून पाणी काढलं, कानाचं दुखणं मेंदूपर्यंत पोचलेलं निघालं, औषधं बदलली. मला कोणी एक शब्द बोललं नाही. मी सकाळीच खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

माझ्या मशीनवर तिसऱ्याच दिवशी दुसरी बसली. म्हणजे आता मला वेळच वेळ. ढब्ब्याला काल कानाच्या तपासणीला नेलं, अकरा वाजता, ऐन कामाच्या वेळेला. तिथल्या तपासणाऱ्या बाईंनी त्याच्या मागे उभं राहून उजव्या कानाशी खुळखुळा वाजवला, गडी लगेच वळला. मग डाव्या कानाशी वाजवला. परत वाजवला, आणखी जोरात. तो माझ्याकडे बघून हसत राहिला.

माझ्यावर पूर्वीसारखाच जीव लावशील ना?

तुझी धाकटी