जोव्हेलिनच्या नंबरावर

ग्विंबाल, इलोइलो
शनिवार, १४ सप्टेंबर

प्रिय रोमेल,

अनेक आशीर्वाद. देवाच्या दयेने मी बरी आहे आणि तूही तिकडे धडधाकट असशील असं धरून चालते. पावसापाण्याच्या दिवसांत माझी कंबर कुरकुर करते. पण कुरकुर करायला घरात दुसरं कोणी नाही, म्हणून तिला करू देते.

आज शनिवार असूनही माझा फोन आला नाही, याचं तुला नवल वाटलं असेल. कदाचित वाटलंही नसेल. बसच्या इंजिनात दिवसभर हात घालून घरी आलास आणि एकदाची निवांत कॉफी प्यायला मिळाली म्हणून बरंच वाटलं असेल. या महिन्याचे पैसे मी अजून मागवलेले नाहीत. काळजी करू नकोस, डब्यात तांदूळ आहे, परसात पपई आहे, आणि शेजारी ओसांग आहे. तिच्या घरी मासे तळले की एक माझ्या ताटात पडतोच. मग त्या एका माशाच्या बदल्यात तासभर तिचं बोलणं ऐकून घ्यावं लागतं.

हे पत्र तिच्या भाचीच्या हाती पाठवते आहे. ती येत्या गुरुवारी सॅन फ्रान्सिस्कोला परत निघतेय. बरोबर सुकवलेले माकूल आणि बिस्कोचो टोस्टची दोन पाकिटं आहेत. एक तुला. दुसरं तुझ्या घरी खाणारं जे कोणी असेल त्याला.

इकडची बातमी म्हणजे चर्चमध्ये नवा पाद्री आलाय. पोरगेलासा आहे आणि प्रवचन संपवायचं कसं ते त्याला अजून कोणी शिकवलेलं दिसत नाही. ओसांग सुरुवातीलाच झोपते आणि शेवटी सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हणते. गेल्या रविवारी तिने मला विचारलं, "तुझं पेन्शन आलं का गं? अमेरिकेतले पैसे म्हणजे काय, नळ सोडला की आले!"

मी तिला पुन्हा एकदा समजावलं. बाई गं, पेन्शन माझं, कष्ट माझे, व्हॅलेहोच्या म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलून कमावलेलं. पण ते जमा होतं तिकडच्या बँकेत. तिथून इकडच्या खात्यात आणायचं तर फोनवर 'पाठवा' दाबायचं. ते दाबलं की बँकेला शंका येते की ही म्हातारी खरी की चोर. मग ती ओटीपी पाठवते. तो ओटीपी येतो व्हॅलेहोच्या नंबरावर, आणि कोणीतरी तो मला वाचून दाखवावा लागतो. उशीर झाला की आकडे मरतात आणि पुन्हा पहिल्यापासून.

"कोणाच्या नंबरावर येतो?" ओसांगने विचारलं. तिला माहीत होतं. तिला सगळंच माहीत असतं.

"जोव्हेलिनच्या," मी म्हटलं.

त्यावर ती चक्क गप्प बसली, रोमेल. ओसांग गप्प बसली यावरून तूच समज.

तुझा निरोप मला मिळाला होता. "आई, डिसेंबरपासून तो नंबर बंद करतोय. बँकेला तुमचा नंबर देऊन टाका." एवढाच. खोटं कशाला सांगू, मला भयंकर राग आला. दोन दिवस मी फोन पालथा घालून ठेवला. म्हटलं, दोन वर्षं चालवलास ना तो फोन, भरलंस ना त्याचं बिल, मग आता काय जड झालं? एका कोपऱ्यात चार्ज होत पडलेला असतो बिचारा. त्याला ना जेवायला लागतं, ना निजायला.

मग राग उतरला आणि त्याच्या खाली जे होतं ते वर आलं. ते रागापेक्षा वाईट होतं.

तुला आठवतं, सुरुवातीला आपण किती बोलायचो? आकडे वाचून झाले तरी तू फोन ठेवायचा नाहीस. भात करताना पाणी किती, जोव्हेलिनच्या कुंड्यांतलं कोणतं झाड जगलं, कोणतं सुकलं, सगळं सांगायचास. तुला आणि मला, जावयाला आणि सासूला, बोलायला तेवढंच एक ठिकाण होतं. नातवंड असतं तर गोष्ट वेगळी. नंतर बोलणं हळूहळू आटलं. गेल्या महिन्यात तू आकडे वाचलेस, "बरं आई, येतो," म्हणालास आणि ठेवलास. तुझी चूक नाही. माणूस किती दिवस त्याच त्या कुंड्यांबद्दल बोलणार?

आता एक सांगते, हसू नकोस. गेल्या दोन-तीन खेपेला शेवटचा आकडा मी मुद्दाम चुकीचा दाबला. म्हणजे मग बँक नवा पाठवणार आणि तुला पुन्हा वाचावा लागणार. तू म्हणालास, "आई, चष्मा बदला." चष्म्याला काही झालेलं नाही.

ओसांगच्या बहिणीने तुला तिकडच्या आपल्या लोकांच्या दुकानात पाहिलं. तुम्ही व्हॅलेहोत शिंकलात तर इकडे ग्विंबालमध्ये रुमाल काढतात, हे तुला ठाऊक असायला हवं. तुझ्याबरोबर एक बाई होती. नाव ग्लेंडा, माणसं शेजारच्या अंतिके प्रांताची, स्वतः नर्स आहे, आणि मासा घेताना कल्ले उघडून बघत होती, इतकी सविस्तर बातमी आली. कल्ले बघून मासा घेते म्हणजे बाई कामाची आहे. आमच्या जोव्हेलिनला ते कधीच जमलं नाही. ती मासेवालीच्या तोंडाकडे बघून मासा घ्यायची आणि घरी येऊन सगळ्यांना वास घ्यायला लावायची.

तू मला सांगितलं नाहीस म्हणून आधी वाईट वाटलं. मग विचार केला, सांगणार तरी कसा होतास? ओटीपीच्या कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये?

तर मंगळवारी मी बँकेला फोन लावला. ओसांग शेजारी येऊन बसली, कारण तिला बोलावलेलं नव्हतं. पलीकडे एक मुलगी, अगदी अमेरिकन इंग्रजी. मी म्हटलं, नंबर बदलायचाय. ती म्हणाली, मॅडम, खातं तुमच्या दोघींच्या नावावर आहे, पण नंबर जोव्हेलिन मॅडमचा आहे, त्यांच्याशी बोलता येईल का?

मी ओसांगकडे बघितलं.

ही कथा तुला माहीत आहे. त्या नोव्हेंबरनंतर ओसांगनेच मला बजावलं होतं, बँकेला काही कळवू नकोस. तिचा नवरा गेला तेव्हा इकडच्या बँकेने खातं गोठवलं होतं, आणि कर भरून, शिक्के मारून पैसे सुटेपर्यंत तिने सोन्याच्या बांगड्या विकल्या होत्या. आपल्या गावात हे कोणाला सांगावं लागत नाही. घरात माणूस गेलं की आधी बँकेपासून लपवायचं, मग पाद्रीला बोलवायचं. मीही तेच केलं. तू मान डोलावलीस, कारण तेव्हा तू कशालाही मान डोलावत होतास. तेव्हापासून बँकेच्या लेखी जोव्हेलिन ठणठणीत आहे. तिला दर महिन्याला निरोप येतो आणि वाढदिवसाला शुभेच्छाही येतात.

ओसांग माझ्या कानात फुसफुसली, "सांग, कामावर गेलीय."

मी सांगितलं, कामावर गेलीय.

"मग त्या घरी आल्या की फोन करा," मुलगी म्हणाली.

एवढ्यावर थांबेल तर ती ओसांग कसली. तिने माझ्या हातातून फोन ओढला, आवाज बारीक केला आणि म्हणाली, "हॅलो, आलेच मी घरी! मी जोव्हेलिन." मुलीने जन्मतारीख विचारली. ओसांगने धडाधड स्वतःची सांगितली. पलीकडे कीबोर्ड खडखडला. मग ती मुलगी अतिशय अदबीने म्हणाली, "मॅडम, म्हणजे तुम्ही तुमच्या आईपेक्षा मोठ्या आहात?"

ओसांगने घाबरून फोन ठेवला. आम्ही दोघी इतक्या हसलो की कोंबड्या खुराड्यात शिरल्या. हसता हसता मला रडू कधी आलं ते कळलं नाही. ओसांग म्हणाली, "पुरे आता, पुरिंग, पुरे. लोकांना वाटेल माझंच कोणी मेलं." आणि तीही रडायला लागली.

बुधवारी ओसांग बाजारात गेल्यावर मी पुन्हा फोन लावला. या वेळी एक मुलगा होता. त्यानेही तेच विचारलं, जोव्हेलिन मॅडम आहेत का? मी इंग्रजीत सांगून टाकलं. माझी मुलगी मरण पावली आहे, तारीख अमुक, आजार तमुक. भराभरा सांगितलं, आवाज हललासुद्धा नाही. मला त्याची सवय होती. व्हॅलेहोच्या त्या म्हाताऱ्यांच्या घरात असं झालं की नातलगांना फोन करायला मलाच पुढे करायचे, कारण मी रडायची नाही. इंग्रजीतलं ते वाक्य मी इतक्या जणांना सांगितलंय की ते माझं राहिलेलंच नाही.

त्याच्या मागे दहा फोन वाजल्यासारखे आवाज येत होते. मग तो आवाज खाली घेऊन, अगदी आपल्या बोलीत, आपल्या इलोइलोच्या हेलात म्हणाला, "कधी गेली हो, आई?"

तो इलोइलो शहरात बसला होता, रोमेल! जीपनीने गेलं तर तासाभराच्या वाटेवर. अमेरिकेच्या बँकेचा फोन तिथे वाजतो. बोली बोलायची त्यांना परवानगी नाही, असं त्याने नंतर सांगितलं. पण माझं आडनाव आणि माझं इंग्रजी ऐकून त्याला राहवलं नाही.

आता आपल्या बोलीत उत्तर द्यायचं होतं. आणि माझ्या ध्यानात आलं की हे मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही. गावात सगळ्यांना आधीच कळलं होतं. ते दारात येऊन रडले आणि मी पडल्या पडल्या ओसांगला कॉफी करायला सांगितली. तुला सांगायचा प्रश्नच नव्हता, मला तर तूच सांगितलंस. मी मोडलेली कंबर घेऊन इथे पलंगावर, आणि दफनाच्या वेळी तू फोन धरून उभा होतास. फोन तुझ्या हातात सारखा वर कलत होता, म्हणून अर्धा वेळ मला नुसतं आभाळ दिसलं. त्यात मला पेटी खाली जाताना दिसलीच नाही. म्हणून मला स्वतःलाही सांगता आलं नाही. मी स्वतःला सांगत राहिले की हे सगळं पैशांसाठी लपवतेय.

मी म्हटलं, "गेली रे पोरा. माझी जोव्हेलिन गेली."

तो म्हणाला, "आई, जेवलात का?"

मी फोनवर हंबरडा फोडला. त्या पोराने फोन ठेवला नाही.

पुढचं काम सोपं निघालं. तिकडे दोघांच्या नावचं खातं गोठत नाही, मागे राहिलेल्याच्या नावाने चालू राहतं. मृत्यूचा दाखला शाखेत नेऊन दाखवला की झालं. माझा इथला नंबर त्यानंतर लागेल. मी विचारलं, एवढंच? तो म्हणाला, एवढंच. दोन वर्षं ज्याला घाबरले ते एवढंच होतं.

तेव्हा आता तो नंबर बंद कर. डिसेंबरपर्यंत ओढू नकोस. मला तुझा राग नाही. होता, पण तो माकुलांबरोबर उन्हात घालून सुकवला. ग्लेंडाबद्दल मला तूच सांग, ओसांगच्या बहिणीकडून ऐकायचा आता कंटाळा आलाय. ती तुला हसवते का, एवढं कळलं तरी पुरे. शनिवारी सकाळी मी घरीच असते. वाचून दाखवायला काही नसलं तरी फोन उचलीन. नाही आला तरी समजून घेईन. थोडी रुसेन, मग समजून घेईन. हे घर फार शांत आहे रे, एवढंच.

आता तुझं काम. दाखला तुझ्याकडे आहे. तो घेऊन बँकेत जायचं, काचेपलीकडचा माणूस विचारेल काय काम आहे, आणि तुला ते तोंडाने सांगावं लागेल. कागद पुढे सरकवून भागत नाही, ते विचारतातच. बुधवारी माझं सांगून झालं आणि फोन ठेवला, तेव्हा घरात कोणी नव्हतं. मी उठले आणि कोंबड्यांना दाणे टाकले. मग पुन्हा टाकले. हातांना दुसरं काही सुचेना.

तू एकटा जाऊ नकोस. ग्लेंडाला बरोबर ने. मी बाहेर गाडीत बसते, असं ती म्हणेल. शहाणी असेल तर म्हणेलच. तरी तिला आत ने, आणि तिला सांग, आईने सांगितलंय.

तुझी आई, यापुढेही,
पुरिंग